कोरड्या कारंज्यावर पेशव्यांचे चेहरे नकोत

शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं म्हणजे १६ पाकळ्यांचं दगडी कमळ. वाडा १८२८ च्या आगीत गेला, कमळ राहिलं. अशी कोरडी कारंजी आणि हौद व्हिडिओ प्रोजेक्शननं, म्हणजे दगडावरच हलतं चित्र पाडून, जागी करावीत अशी कल्पना मांडली जाते. ती शंभर टक्के मान्य. पण त्यांच्यावर पेशव्यांचे चेहरे आणि वर घुमणारं निवेदन कशाला? त्याला कुठलीही भिंत चालते. इथे दिसायला हवं पाणी, तेही त्याच दगडाच्या उतारावरून ओघळणारं.

वाडा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत, म्हणून सुरुवात पेठेतल्या एखाद्या हौदापासून करा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून शहरातल्या हौदांत आलं ते निव्वळ उतारावर. पंप नव्हताच. त्यामुळे ॲनिमेशनमध्ये संगीतावर उसळणाऱ्या धारा खोट्या वाटतील. पाणी संथ चढू द्या.

आता खरी अडचण. काळा दगड प्रकाश खातो. ५ बाय ४ मीटरच्या चित्रावर ८,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण प्रकाश) प्रोजेक्टर टाकला तर सरासरी ४०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ४०० ल्युमेन, पडतात. कोरडा बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, ढोबळमानानं त्यातला १०-१५ टक्केच परत देतो, ओला तर आणखी कमी. म्हणून चित्रात गडद निळं काही ठेवूच नका. पांढरं आणि फिकट, जाड रेषांचं काम करा. शेजारचा रस्त्यावरचा दिवा तेवढ्या वेळापुरता बंद करून घेणं हे मोठा प्रोजेक्टर आणण्याहून स्वस्त पडतं. दगडाला चुना फासून पांढरा करायची सूचना कोणी ना कोणी करतंच. तिला तिथल्या तिथे नकार द्या.

मापं टेपनं घेऊ नका. ढगाळ उजेडात, प्रत्येक फोटो आधीच्यावर ७० टक्के चढेल असे शे-दीडशे फोटो काढून त्रिमितीय मॉडेल बनवा आणि चित्र त्यावर बसवा. एकाच प्रोजेक्टरनं उभ्या कडांची मागची बाजू अंधारात राहते. समोरासमोर दोन लागतात. कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र यंत्रातच कापून सरळ करायची सोय, वापरू नका, पिक्सेल वाया जातात. लेन्स शिफ्ट असलेलं, म्हणजे यंत्र न कलवता भिंग सरकवून चित्र हलवता येणारं, यंत्र घ्या. ८ मीटरवरून यंत्र अर्धा अंश जरी कललं तरी चित्र ७ सेंटीमीटर सरकतं, म्हणजे पाणी पाकळीवरून नाही, हवेतून वाहतं! बस गेली की विजेचा खांब थरथरतो, म्हणून यंत्र त्याला बांधू नका. वाळूच्या पोत्यांनी दाबलेली स्वतंत्र परांची उभारा. दगडात एकही भोक पाडायचं नाही.

दगडाऐवजी पाण्याच्या बारीक तुषारांच्या, म्हणजे धुक्याच्या पडद्यावर चित्र पाडायचा मोह अनेकांना होतो. बोअरच्या जड पाण्यानं त्याचे बारीक नोझल क्षारांनी बुजतात आणि जरा वारा सुटला की पडदा फाटतो. शिवाय तो समोरून प्रोजेक्टरकडे बघतानाच उजळ दिसतो, बाजूच्या लोकांना काहीच दिसत नाही. हौदाभोवती माणसं चारही बाजूंनी उभी राहणार, तेव्हा त्याचा नाद सोडा.

वायरिंगला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. हौद कोरडा दिसला तरी तळाशी ओल असते.