आमनं बठं घर तुम्हनंच शे

खान्देशात ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर आधी हे एक वाक्य पचवायला शिकावं. दारात गेलं की खाट टाकतात, पाण्याचा तांब्या येतो, चुलीवर चहा चढतो आणि घरचे आबा छातीवर हात ठेवून अहिराणीत सांगतात, "आमनं बठं घर तुम्हनंच शे." म्हणजे आमचं सगळं घर तुमचंच आहे. घरात मतं सात. तासाभराने समोरचं पॅनेल त्याच खाटेवर बसतं, त्याच तांब्यातलं पाणी पितं आणि तीच सात मतं घेऊन जातं. रात्री दोन्ही पॅनेलच्या वह्यांची बेरीज केली तर साडेसहाशे मतदारांच्या प्रभागात अकराशे मतं भरतात. आबा खोटारडे नाहीत हो. दारी आलेल्याला 'नाही' म्हणायचं नाही, एवढीच त्यांची रीत. आणि तुम्ही तर रीतीभातीच्याच नावाने मतं मागायला निघालेले.

म्हणजे तुमचं पॅनेल जुन्या वळणाचं. घरपट्टी वाढवणार नाही, यात्रेतला मान ज्याचा त्याच्याकडेच राहील, कानबाईच्या रोटांच्या दिवसांत नळाला पाणी कमी पडणार नाही, गावच्या पैशाचा हिशोब मारुतीच्या पारावर वाचून दाखवू. ऐकायला भारदस्त. अडचण एवढीच की गावात नव्या वळणाचं पॅनेल नसतंच. दोघंही त्याच मारुतीपुढे नारळ फोडतात. पुजाऱ्याने एकाला सातची वेळ दिली की दुसऱ्याला आठची द्यायची, इतकाच काय तो मतभेद. त्यामुळे परंपरेवरच्या भाषणाने एक मत इकडचं तिकडे होत नाही. निवडणूक वहीत जिंकतात.

विधानसभेची मतदार यादी प्रभागवार फोडून ग्रामपंचायतीची यादी होते. प्रारूप यादी लागते, तेव्हाच हरकत घ्यायची. वरच्या गल्लीतली तीस नावं शेजारच्या प्रभागात गेली, हे मतदानाच्या दिवशी कळलं तर कपाळ बडवण्यापलीकडे हाती काही नसतं. यादी वहीत उतरवताना अनुक्रमांकाने नको, चुलीने उतरवावी. एका वाड्यात भावाभावांच्या तीन चुली असतील तर तीन रकाने; भाऊबंदकीत वाडा एक असतो, मत नसतं. हिरव्या शाईत आपले, लाल शाईत त्यांचे आणि पेन्सिलीत सगळे 'बठं घर'वाले. पहिल्या आठवड्यात वही पेन्सिलीनेच भरते. दारात ऐकलेलं कधीही हिरव्यात लिहू नये. त्या घरची सून, जावई नाही तर सालदार, यांच्यापैकी कोणी वेगळ्या वाटेने तेच सांगितलं, तरच शाई काढावी. शेवटी एक रकाना सुरत, पुणे, नाशिककरांचा. सुरतेजवळ उधन्याला राहणारा पुतण्या फोनवर "येतोच काका" म्हणतो. त्या रकान्यावर खोडरबर ठेवून द्यावं.

आता कागद. इथे जुन्या वळणाचे उमेदवार जास्त आपटतात, कारण त्यांना वाटतं, आपल्याला सगळं गाव ओळखतं, कागद कशाला? वय 21 पूर्ण हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं नको. जन्म 1995 सालचा किंवा नंतरचा असेल तर सातवी पास हवं. घरात शौचालय हवं आणि ते वापरात हवं. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भरून ठेवली असेल तर आठवडाभर आधी बाहेर काढावी. जागा राखीव असेल तर जातवैधतेचा कागद किंवा निदान समितीकडे अर्ज केल्याची पोच. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं. आणि थकबाकी. 'घरपट्टी वाढू देणार नाही' असं पत्रक छापणाऱ्याची स्वतःचीच घरपट्टी तीन वर्षांची तुंबलेली निघते, आणि छाननीच्या टेबलावर ही गोष्ट समोरच्या वकिलाला आधीच पाठ असते. अर्ज संगणकावर भरायचा, तोही शेवटच्या दिवशी नाही. डिसेंबर 2020मध्ये संकेतस्थळ इतकं रेंगाळलं की राज्य निवडणूक आयोगाला शेवटी कागदी अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली होती. दर वेळी आयोग इतका मऊ होईल, या भरवशावर राहू नये.

जुन्या जाणत्यांचं खरं स्वप्न मात्र वेगळंच असतं: बिनविरोध. पारावर बसावं, चार डोकी एक व्हावीत, खर्च वाचवावा. स्वप्न चांगलंच आहे. पण त्यात कोणी 'देवळासाठी जास्त देईल तो सरपंच' अशी बोली सुरू केली की संपलं. जानेवारी 2021मध्ये आयोगाने आपल्या नंदुरबारकडच्या खोंडामळीची आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची निवडणूक याच लिलावापायी रद्द केली. देवाचं नाव घेतलं म्हणून लिलावाची वर्गणी होत नाही.

बिनविरोध फसलं की बंडखोर बसवायचे. त्यांच्यासाठी माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंतची वेळ असते आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन बंद असतो. ते बहुधा मामाच्या गावी असतात. आधी मामाला धरावं.

तीननंतर चिन्हं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून कपबशी, छत्री, शिट्टी अशा मुक्त चिन्हांतून मागायचं. प्रभागात दोन किंवा तीन जागा, शिवाय थेट सरपंच. म्हणजे म्हाताऱ्या मावशींना एका खेपेत तीन नाही तर चार बटणं दाबायची, आणि सगळी चिन्हं वेगवेगळी असू शकतात. काळ्या शाईत छापलेला ट्रॅक्टर आणि रोडरोलर त्यांना सारखेच दिसतात, तेव्हा दोन्ही एकाच मतपत्रिकेवर असतील तर अर्धा प्रचार चाकं समजावण्यात जातो. पुठ्ठ्याचं खोटं यंत्र करून घरोघर सराव करून घ्यावा. जागा रंगाने सांगावी: सरपंचाची मतपत्रिका निळसर, सर्वसाधारणची पांढरी. सगळी बटणं दाबल्याशिवाय यंत्र लांब आवाज करत नाही, हे निदान तीनदा सांगावं. नाही तर मावशी सरपंचाचं एक बटण दाबून, हात जोडून बाहेर येतात आणि आत अधिकारी त्यांना हाका मारत बसतो.

दारोदार जायची वेळ पंचांगात नाही, विजेच्या वेळापत्रकात बघावी. थंडीत दिवसभर घरं कापूस वेचणीला गेलेली. शेतीची वीज रात्रपाळीची असली तर कर्ता पुरुष गव्हाला पाणी भरायला मळ्यात. त्या आठवड्यात संध्याकाळी सात ते नऊ एवढीच वेळ खरी. चाळीस घरं म्हणजे चाळीस चहा. नाही म्हटलंत तर मत गेलं, प्यायलात तर झोप गेली. अर्धा कप मागून सोबतच्या पोराच्या कपात ओतावा. भरीत पार्टीचं आमंत्रण आलं तर शेत कोणाचं, हे आधी विचारावं. बामणोदची वांगी पऱ्हाटीवर भाजून झाल्यावर बिल कोणाच्या निवडणूक खर्चात जाणार, याचं उत्तर धुरात सापडत नाही.

पत्रक एका पानाचं, पाच ओळींचं. सहावी ओळ लिहायचा मोह होतो आणि ती ओळ नेमकी कमानीची असते. गावाच्या वेशीवर देवाच्या नावाची भव्य कमान! पण वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. त्यातून गटार होतं, कमान होत नाही. माझ्या मते जुन्या वळणाच्या माणसाने हे पारावर उघड सांगावं. दोन मतं जातील, पण पाच वर्षं कोणी त्या वेशीपाशी गाडी थांबवून "कुठाय कमान?" विचारणार नाही.

मतदान साडेसातला सुरू, साडेपाचला बंद. अकरापर्यंत हिरवी नावं उरकायची, जेवणाच्या आत पेन्सिलीची. दुपारी दोन ते चार गाव झोपतं, ती झोप मोडायची नाही. चारला सुरुवात करायची. साडेपाचच्या ठोक्याला जे आवारात असतील त्यांना चिठ्ठ्या मिळतात आणि त्यांचं मतदान होतं, म्हणून शेवटचा मतदार फाटकाच्या आत ढकलेपर्यंत वही मिटायची नाही. समान मतं पडली तर चिठ्ठी काढतात. एवढ्या शाईचा आणि चहाचा निकाल एखादं शाळकरी पोर बरणीत हात घालून लावतं.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब तहसीलला. जिंकलेला सत्कारात अडकतो, हरलेला म्हणतो, आता कशाला? दोघांनाही द्यावाच लागतो. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र. तिसाव्या दिवशी सकाळची एसटी चुकते. मग दोन्ही पॅनेलचे उमेदवार एकाच मोटारसायकलवर निघतात, दोघांच्या फायली एका पिशवीत, पिशवी मागे बसलेल्याच्या मांडीवर. फाट्यावर कोणी विचारलं, कसं काय एकत्र, तर पुढचा गाडी न थांबवता सांगतो, "अरे, आमनं बठं घर एकच शे."