वाजवी आवाज

कोइमतूरहून आलेलं खोकं आईनेच उघडलं. आतल्या चकचकीत स्टीलच्या चार वाकड्या नळ्या, खाली एकत्र येऊन एकच झालेल्या, तिने उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "गाय घेतोयस का? हे दूध काढायचं मशीन दिसतंय."

आमच्याकडे गाय नाही. २००२ची होंडा सिटी आहे, दीड लिटरची, व्हीटेक. नवी असताना कंपनीच्या कागदावर १०६ घोडे होते. आता त्यातले काही वारले असणार, काही पेन्शनवर. उरलेल्यांना उभारी यावी म्हणून मी हेडर मागवले होते.

हेडर म्हणजे काय हे बायकोला समजावण्यासाठी मी लग्नाच्या पंगतीचा दाखला दिला. चार सिलिंडर म्हणजे चार पंगती. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यात, सगळ्यांना हात धुवायला एकच बोळ. एकाचा धूर दुसऱ्याच्या पायात येतो. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र वाट, आणि सगळ्या वाटा शक्य तितक्या सारख्या लांबीच्या. इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो, म्हणून एक आणि चार यांची जोडी, दोन आणि तीन यांची जोडी, मग दोन्ही जोड्या एका नळीत. जोडीतले दोघे कधीच लागोपाठ उठत नाहीत. शिवाय बाहेर पडणारा प्रत्येक झोत मागे पोकळी सोडतो, ती पुढच्याला ओढून घेते.

"म्हणजे गाडी पळेल?" तिने विचारलं.

"वरच्या आरपीएमला, इंजिन जोरात फिरतं तेव्हा. पाच-सात घोडे वाढतील."

"लोकमान्य नगरात वरचा आरपीएम कुठे आहे?"

हा प्रश्न मी तेव्हा ऐकला नाही असं दाखवलं.

रविवारी सकाळी सातला बॉनेट उघडलं. पोहे होईपर्यंत जुना मॅनिफोल्ड काढतो, असं मी घरात जाहीर केलं होतं. हे वाक्य बोलायला नको होतं. या गाडीत मॅनिफोल्ड इंजिनाच्या पुढच्या अंगाला, रेडिएटरच्या मागेच असतो. त्यामुळे हात पोचतो आणि माणसाला उगाच आत्मविश्वास येतो. पंखा काढला, उष्णतेपासून वाचवणारं पत्र्याचं झाकण काढलं. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. पान्याला बारा नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट, लावली, आणि एकेक नट कुरकुरत का होईना, निघू लागला. आतून फोडणीचा वास आला. मी शीळही घातली.

शेवटून दुसरा नट मात्र हलेना. दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवली. पाय बंपरला टेकवला. दात आवळले. आणि एकाएकी पाना हलका झाला. तो क्षण मी विसरणार नाही. नट सुटला म्हणून मी दीड सेकंद अत्यंत सुखात होतो. मग गोटी काढून पाहिली. आत नट होता, नटाच्या पोटात स्टडचा, म्हणजे ज्यावर नट बसतो त्या आट्यांच्या दांडीचा, तुकडा होता, आणि तुकड्याचं तोंड ताज्या कापलेल्या खोबऱ्यासारखं स्वच्छ. गंजलेल्या तपकिरी रंगाच्या मधोमध ती चकाकणारी चकती पाहून पोटात गोळा आला. स्टडची उरलेली अर्धी बाजू इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, दोन-तीन मिलिमीटर मान वर काढून, शांत बसली होती.

पोहे गार झाले. शेव मऊ पडली. इंदुरात याहून मोठा अपराध नाही.

उस्ताद, म्हणजे आमचे मेकॅनिक, दुपारी स्कूटरवर आले. वाकून बघितलं, सरळ झाले, चहा मागितला. मग म्हणाले, "भिया, पूरा ठंडा करके ताकत लगाई?" मी होय म्हटलं. त्यांनी माझ्याकडे डॉक्टर ज्या नजरेने घरगुती उपाय करून आलेल्या पेशंटकडे बघतात, त्या नजरेने पाहिलं. स्टडच्या त्या थोटकावर त्यांनी एक मोठा नट ठेवला, मधल्या भोकातून वेल्डिंगचा टाका मारला, लालभडक झालेलं ते प्रकरण थोडं निवू दिलं आणि पाना फिरवला. स्टड लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर. पाना लावल्यापासून चार मिनिटं. चहाला मात्र वीस लागली. आठशे रुपये दिले. ज्ञान फुकट मिळालं: ताकद नाही, ताव द्यायचा.

पुढचं पटकन सांगतो. ऑक्सिजन सेन्सरची वायर आखूड पडली, ती वाढवली. नवं गॅस्केट बसवलं. गाडी गरम झाल्यावर शिलाई मशीनसारखी टिकटिक येऊ लागली, म्हणून निवल्यावर सगळे नट पुन्हा आवळले. नळ्यांवर काचतंतूंची पट्टी पाण्यात भिजवून गुंडाळली होती. त्यानंतर दोन दिवस मी फक्त खाजवत होतो.

त्या पट्टीतला चिकट पदार्थ पहिल्यांदा तापला की जळतो आणि धूर निघतो, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या काकांना नव्हतं. बॉनेटमधून पांढरे लोट निघताच ते पाण्याची बादली घेऊन धावत आले. आग नाही हे कळल्यावर त्यांना हायसं वाटायच्या ऐवजी रागच आला. "२०१७पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय," ते म्हणाले, "आणि तुम्ही आमच्याच गल्लीतून नंबर घालवणार."

गाडी पळते का? कदाचित. बायपासवर गेलो असतो तर कळलं असतं. पण हेडरची नळी ऑइल चेंबरखालून जाते आणि जुन्यापेक्षा बोटभर खाली लोंबते, त्यामुळे गतिरोधक आला की मागची मंडळी उतरतात, गाडी रिकामी तिरकी चढते, मंडळी पुन्हा बसतात. आवाज मात्र वाढला. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणून दहानंतर मी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेतो आणि मग चालू करतो. यात व्यायाम होतो, असं बायको पाहुण्यांना सांगते.

जुना मॅनिफोल्ड आईने घासून धुतला आणि गच्चीच्या दाराला अडकण म्हणून लावला. ते दार वाऱ्याने पंचवीस वर्षं धडाधड आपटत होतं. आता हलत नाही. दुपारची झोप लागते म्हणून आई माझ्यावर पहिल्यांदाच मनापासून खूश आहे.

अडचण एवढीच की गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ला वाढवली, आता २०२७. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी असून चालत नाही. तेव्हा मॅनिफोल्ड परत बसवावा लागेल, हे मी आईला परवा जेवताना हळूच सांगितलं.

तिने घास खाली ठेवला. "मग दाराला काय लावायचं?"