संघटनेचा स्मृती पुरस्कार हमखास कसा मिळवावा

तालुका शिक्षक संघटनेचा, दिवंगत नेत्याच्या नावाने दिला जाणारा ‘संघटन सेवा स्मृती पुरस्कार’ यंदाही तुम्हाला मिळाला नाही? मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नुसतं काम करत बसला असणार. परवाच्या रविवारी आमच्या तालुक्यातला हा सोहळा मंगल कार्यालयात बसून शेवटपर्यंत पाहिला, तेव्हा पुढच्या सूचना अगदी ताज्या आहेत.

आधी प्रस्ताव. पुरस्कार फाइलला मिळतो, माणसाला नाही. स्पायरल बाइंडिंग, रंगीत झेरॉक्स, वर्तमानपत्रांची कात्रणं. स्वतःची शिफारस स्वतःच टाइप करून केंद्रप्रमुखांची सही घ्यावी. आपण प्रसिद्धिपराङ्मुख आहोत हे निदान दोन ठिकाणी ठळक अक्षरांत यावं.

निवेदन देताना मजकुरापेक्षा फोटोकडे लक्ष द्या. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्यांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं सक्तीचं झालं. पन्नाशीतले मास्तर लेकरांकडून बालमानसशास्त्राच्या नोट्स मागायला लागले. आमच्या नेत्यांनी तातडीने तहसीलदारांना निवेदन दिलं. तहसीलदार काय करणार, असं विचारणारे लोक पुरस्काराला पात्र नसतात.

कुणाचं मेडिकल बिल त्रुटीत अडकलं तर ‘बघतो सर’ म्हणावं. बघू नये.

शाळेत कमी, पंचायत समितीत जास्त दिसावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संपात उतरू नका. 14 मार्च 2023 ला सुरू झालेला जुन्या पेन्शनचा संप आठवतोय? ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेली, म्हणून जुनी पेन्शन नसलेली पोरं-पोरी, त्यातली कित्येक आधी शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबलेली, उन्हात सतरंजीवर बसली होती. एक बाई तान्हं बाळ घेऊन यायच्या. यंदाचे आपले पुरस्कारमूर्ती तेव्हा कुठे होते? शाळेत. मस्टरवर सही करत. त्यांची नेमणूक 2005 च्या आधीची, त्यांची पेन्शन पक्की, मग उन्हात बसायचं कशाला? बरं, नसेल बसायचं तर नका बसू, नोटिशीची भीती कुणालाही वाटते. पण 20 तारखेला संप मागे घेतल्याची बातमी आली आणि हे संध्याकाळी गुलाल लावून पहिल्या रांगेत! तोच फोटो प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर. मानपत्रात काय वाचलं? ‘पेन्शन लढ्यातील अग्रणी सेनानी’. टाळ्याही पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या, सातही दिवस सतरंजीवर काढलेल्या शिक्षिकेने वाजवल्या त्या. सवयीने.

पुरस्कार ज्यांच्या नावाचा त्यांच्याबद्दल मात्र दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका, आमदारांना पुढचा कार्यक्रम असतो. 1977-78 च्या 54 दिवसांच्या संपात गुरुजी नवीन नोकरीवर होते. घरी पगार नाही, किराणा उधारीवर, तरी हटले नाहीत. पुढे एखाद्या बाईंची चटोपाध्याय वेतनश्रेणी (ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी) रखडली की सेवापुस्तक काखेत मारून ते गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसायचे आणि आदेश हातात पडल्याशिवाय उठायचे नाहीत. त्यांच्याकडे फाइल असायची ती दुसऱ्याची. परवा त्यांच्या पत्नी आल्या होत्या. व्यासपीठावर पतसंस्थेच्या संचालकांना खुर्च्या होत्या, मंडपवाल्याचा सत्कार झाला, काकूंना तिसऱ्या रांगेत बसवलं. त्यांना दोन शब्द बोलायचे होते, कागदावर लिहूनसुद्धा आणले होते. निवेदक म्हणाला, वेळेअभावी.

वेळेअभावी! आमदारांची वाट बघत दोन तास आम्हाला ताटकळत ठेवलंत, तेव्हा वेळ होता?

जाऊ दे, सूचना बिचना पुरे. अहो, लाज वाटू द्या जरा. त्या माणसाचं नाव बॅनरवर छापता आणि त्याच्याच बायकोला माइक देत नाही? संपफोड्याला सेनानी म्हणता? द्यायचाच असेल तर प्रस्ताव मागवणं बंद करा. शाळाशाळांत जाऊन विचारा, तुमचं अडलेलं काम कुणी करून दिलं, आणि ज्याचं नाव येईल त्याला द्या, भले तो संघटनेचा साधा सभासद असेल. कुणाचंच नाव आलं नाही तर त्या वर्षी देऊ नका. आणि हे जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन माझ्या शाळेत येऊ नका.