फुकटच्या पीडीएफचं बिल कोण भरतं?

विद्यापीठांच्या ग्रंथालयांवर एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: सगळं नेटवर फुकट मिळतं, राहिलेलं सरकारी योजनेत आलं, संदर्भ एआय काढून देतो, ग्रंथपाल फक्त शिक्के मारतात आणि वाचनकक्षात एमपीएससीवालेच बसलेले असतात. मग हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला? मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते, तेव्हा माझं बोलणं एकतर्फी वाटेल. वाटू दे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. सकाळी पिशवी ठेवून जागा धरणाऱ्यांत पीएचडीवाले कमीच. पण संशोधक इथे बसलेला दिसत नाही म्हणून तो ग्रंथालय वापरत नाही, हे कुठलं गणित? तो हॉस्टेलच्या खोलीतून लेख उघडतो. विद्यापीठाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरची ओळख, प्रकाशकाकडे नोंदवलेला असतो, म्हणून लेख उघडतो. वर्गणी भरलेली दिसत नाही, त्यामुळे फुकट वाटतं. दिवाळीत गावी गेल्यावर तोच लेख पैसे मागायला लागतो, तेव्हा आमचा फोन वाजतो.

आता योजना. संशोधन नियतकालिकांची वर्गणी सरकारने एकत्र भरायची, अशी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. योजना चांगलीच आहे, वाद नाही. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकाचं काय? शिवाय प्रकाशक आंतरराष्ट्रीय. जुन्या मराठी मासिकांवर काम करणाऱ्याने तिथे काय शोधायचं?

शिक्क्यांबद्दल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. ही तपासणी बहुतेक ठिकाणी ग्रंथालयात होते, आणि प्रबंध ‘शोधगंगे’वर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवायचं कामही. एकदा एका मराठी प्रबंधाचा अहवाल आला: साम्य शून्य टक्के. विद्यार्थी खूश, मार्गदर्शक त्याहून खूश. फाईल उघडून एक परिच्छेद कॉपी करून पाहिला, तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला; सॉफ्टवेअरला त्यातला एक शब्दही कळला नव्हता. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासला, तेव्हा खरा आकडा आला. बाकीचा आठवडा मी आणि तो विद्यार्थी अवतरणचिन्हं कुठे राहिली ते शोधत बसलो होतो. शिक्का त्यानंतर मारला.

राहिला एआय. मध्यंतरी एक मुलगी एआयने काढून दिलेली संदर्भांची यादी घेऊन आली. अगदी नीटनेटकी: लेखाचं नाव, लेखक, पृष्ठांक. त्यात एक नोंद होती, ‘विविधज्ञानविस्तार, १८६५’. मी म्हटलं, “अगं, हे मासिकच १८६७ मध्ये सुरू झालं.” तिचा चेहरा पडला, कारण त्या लेखावर तिने दीड पान लिहून ठेवलं होतं. मग कपाटातून बांधीव खंड काढले. कागद इतका ठिसूळ की झेरॉक्सवर उपडा घालायची सोय नाही. मोबाईलवर फोटो काढायचे, तेही पान तळहातावर धरून. दोन दुपारी आम्ही अनुक्रमणिका बोटाने वाचत गेलो. तो लेख अर्थातच नव्हता. तिच्या कामाचे दुसरे दोन सापडले. विषय प्रवासवर्णनांचा होता आणि दोन्ही शीर्षकांत ‘प्रवास’ हा शब्दच नव्हता.