‘लाळ आहे, मग ब्रश कशाला?’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने मला एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिले, ‘ताई, सुटले बाई एकदाची! रोजची रडारड संपली.’ ‘लाळ हीच मुलांच्या दातांची डॉक्टर’ अशा शीर्षकाचा हा मजकूर त्याआधी दोन ग्रुपमधून माझ्याकडे आला होता आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. त्यात पाच दावे आहेत : लाळ दात आपोआप दुरुस्त करते, म्हणून सहा वर्षांपर्यंत ब्रशची गरज नाही, झोपताना दुधाची बाटली दिली की चोखल्याने लाळ सुटते आणि दात रात्रभर धुतले जातात, कीड लागते ती केवळ मोठ्यांच्या लाळेतून, सकाळची शिळी लाळ किडलेल्या दातावर चोळल्यास खड्डा भरून येतो, आणि दुधाचे दात पडणारच असल्याने त्यांची एवढी चिंता नको. भाचा अडीच वर्षांचा आहे, बाटली तोंडात धरूनच झोपतो, आणि या मजकुरामुळे त्याचे दात घासणे बंद झाले आहे. आता पुसून टाकून भागणार नाही.

सुरुवात दुसऱ्या दाव्यापासून करते, कारण पाचांत सर्वांत घातक तोच आहे. चोखताना लाळ सुटते हे खरे, पण मूल जागे असेपर्यंतच. झोप लागली की लाळग्रंथींचे काम जवळजवळ थांबते, गिळणेही मंदावते, आणि बाटलीतला शेवटचा घोट वरच्या ओठाच्या आत, समोरच्या दातांभोवती तसाच साचून राहतो. ज्या वेळी लाळेची सर्वाधिक गरज असते, नेमकी त्याच वेळी ती नसते. हे पटत नसेल तर रात्री बाटली घेऊन झोपणाऱ्या मुलाचा वरचा ओठ हलकेच उचलून उजेडात पाहावे. वरच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसू लागते, पुढे ती पिवळी-तपकिरी होते, आणि मग दाताचा कपचा निघतो. खालचे समोरचे दात मात्र बहुधा स्वच्छ राहतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर पांघरुणासारखी पसरलेली असते आणि जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे त्यांच्या अगदी मागेच उघडतात. एकाच तोंडात, एकाच दुधाने, लाळ पोचते तिथला दात वाचतो आणि न पोचते तिथला किडतो. मजकूर लिहिणाऱ्याने एकदा जरी असा ओठ उचलून पाहिला असता, तरी हा दावा त्याच्या हातून लिहिला गेला नसता.

साधे दूध साखरेच्या पाण्याइतके वाईट नसते, हेही सांगायला हवे. त्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांच्या बाजूचेच आहेत. परंतु दुधातही लॅक्टोज नावाची साखर असते, आणि न घासलेल्या दातांवर ती तासन्‌तास राहिली की जिवाणूंना आम्ल तयार करायला तेवढी पुरते. त्यात चमचाभर साखर घातलेली असेल, किंवा बाटलीत दुधाऐवजी फळांचा रस असेल, तर बोलायलाच नको.

आता पहिला दावा. यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच तो इतक्या लोकांना पटला असावा. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असते, आम्ल निवळवणारे बायकार्बोनेट असते, आणि इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, निघून गेलेले क्षार ती काही प्रमाणात परत भरते. पण या दुरुस्तीला वेळ लागतो. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या जिवाणूंच्या थरातील आम्लता मोजली. काही मिनिटांतच सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) झपाट्याने उतरला आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागला. सामू ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळू लागतात, असे ढोबळमानाने मानले जाते. याचा अर्थ असा, की मूल दर अर्ध्या तासाने गोड घोट किंवा बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकत असेल, तर लाळेचे काम संपायच्या आतच नवे आम्ल तयार होते आणि दुरुस्तीची पाळी येतच नाही. शिवाय दातांवर चिकट थर जाड बसला असेल, तर लाळ त्याच्या तळापर्यंत सहज पोचत नाही. तो थर निघतो तो ब्रशने. पेस्टमधले फ्लोराइडही लाळेतल्या त्याच क्षारांना दातावर अधिक टिकाऊ रूपात बसायला मदत करते. तीन वर्षांखालील मुलांसाठी पेस्ट किती, तर तांदळाच्या दाण्याएवढी. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ मध्ये पहिला दात दिसल्यापासून तेवढी पेस्ट वापरण्याची शिफारस केली. सहा वर्षे थांबा, असे त्यात कुठेही नाही.

तिसऱ्या दाव्यातही थोडे तथ्य आहे. किडीला कारण होणारे जिवाणू मुलाकडे बहुतेकदा घरच्यांच्या लाळेतूनच येतात. पण येथून थेट ‘बाळाची पापी घेऊ नका, एका चमच्याने भरवू नका, म्हणजे कीड लागणार नाही’ येथवर उडी मारता येत नाही. जपानच्या मौखिक आरोग्य विषयातील विद्वत्सभेने २०२३ मध्ये याच प्रश्नावर निवेदन काढले होते. आईच्या तोंडातले जिवाणू बाळाकडे चौथ्या महिन्यातच, म्हणजे वरचे अन्न सुरू होण्याआधीच, पोचलेले आढळतात. तेव्हा चमचे-वाट्या वेगळ्या ठेवण्याची फार धास्ती घेऊ नये आणि साखर कमी करणे, दात घासून देणे व फ्लोराइड यांकडे लक्ष द्यावे, असा त्याचा आशय होता. जिवाणू आले म्हणजे कीड लागलीच असे होत नाही. त्यांना रोज साखर लागते.

शिळ्या लाळेच्या दाव्यावर फार शब्द खर्च करवत नाहीत. तो दात रात्रंदिवस लाळेतच असतो; लाळेने खड्डा भरायचा असता तर बोटाने चोळण्याची वाट कशाला पाहिली असती? इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, म्हणून एकदा खड्डा पडला की हाडासारखा तो भरून येत नाही. आणि सकाळच्या लाळेत तर रात्रभर वाढलेले जिवाणू असतात.

राहिला दुधाच्या दातांचा प्रश्न. समोरचे दात सहा-सात वर्षांत पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि त्यांच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोचू शकते.

रविवारी मी भाच्याचा ओठ उचलून पाहिला. वरच्या दोन दातांवर पांढरी रेघ आहे, पण पृष्ठभाग अजून तुटलेला नाही. या टप्प्यावर लाळ खरोखरच उपयोगी पडते, फक्त रात्रीची बाटली बंद करून आणि झोपण्यापूर्वी दात घासून तिला तेवढी संधी द्यावी लागते. बहिणीला मी हेच सांगितले आणि दंतवैद्याकडची वेळ घ्यायला लावली. बाटलीत आता पाणी असते. पहिल्या दोन रात्री त्याने घर डोक्यावर घेतले.