अर्धी गोळी आणि पेप्टाइड पावडर: तो फॉरवर्ड वाचून काही खाऊ नका

'अँटिबायोटिकसोबत पेप्टाइडची पावडर घ्या, ताकद दुप्पट होते, म्हणून गोळी अर्धीच पुरते, नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट नाही आणि जंतूंना रेझिस्टन्स (औषधाला दाद न देण्याची ताकद) येऊच शकत नाही', हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला आणि तिने कोर्स चालू असताना मला विचारलं की आजपासून अर्धी घेऊ का! म्हणून हे लिहितोय.

मुळात थोडं खरं आहे, ते मान्य. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनसारखीच पण छोटी साखळी. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तसंच एक पेप्टाइड, ते काही जंतूंचं बाहेरचं आवरण सैल करतं आणि एरवी आत न शिरणारं रिफाम्पिसिन हे दुसरं अँटिबायोटिक आत घुसतं. लॅबमध्ये 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये एक औषध आडवं, दुसरं उभं वाढवत नेतात, रात्रभर ठेवतात, सकाळी गढूळ खळगा म्हणजे जंतू वाढले, स्वच्छ म्हणजे थांबले. दोन्ही औषधं एकेकटी लागतात त्याच्या पाव प्रमाणात मिळून काम झालं तर त्याला सिनर्जी म्हणतात. बहुतेक इथूनच कुणीतरी 'अर्धी गोळी' काढली असणार. अहो, पण त्या खळग्यात लिव्हर नाही, किडनी नाही, औषधाचं प्रमाण तिथे सहसा फारसं बदलत नाही! शरीरात दोन औषधं वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडतात, आणि डोस कमी पडला की अर्धवट मार खाल्लेले जंतू उरतात, त्यातले चिवट तेच वाढतात.

आणि प्लेटवर जमलं म्हणजे पेशंटवर जमतंच असंही नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आयडा ट्रायलमध्ये गंभीर इन्फेक्शनच्या 406 पेशंटना एकटं कोलिस्टिन किंवा कोलिस्टिन अधिक मेरोपेनेम हे आणखी एक अँटिबायोटिक दिलं, तेही पूर्ण डोसमध्ये. उपचार फसण्याचं प्रमाण 79 टक्के आणि 73 टक्के, म्हणजे ठोस फरक दिसला नाही. लॅबमध्ये हीच जोडी बरी वाटत होती बरं का.

नैसर्गिक म्हणून निर्धोक? कोलिस्टिन एक जिवाणूच बनवतो, याहून नैसर्गिक काय हवं, आणि किडनीला त्रास होतो म्हणून ते 1970 च्या दशकात मागे पडलं होतं, दुसरे पर्याय संपत आले तेव्हा परत काढलं.

रेझिस्टन्स येऊच शकत नाही म्हणे! जंतूंना कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद देणारं एमसीआर-1 जीन 2015 मध्ये चीनमधून रिपोर्ट झालं, आणि ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं.

राहिली ती कोलॅजन पेप्टाइडची पावडर. ती पोटात बाकी प्रोटीनसारखीच पचते, तिचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही.