चांदोबा ज्यांनी काढला, त्यांनीच मायाबाजार काढला

आमच्या नांदेड-देगलूर-बिलोली पट्ट्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही लहान मुलांच्या चांदोबा मासिकाचं नाव काढा, माणूस लगेच झाडावरचं प्रेत, ते खांद्यावर टाकून स्मशानातनं निघालेला विक्रम राजा असं सगळं सांगायला लागतो. पण तो चांदोबा मद्रासला ज्यांनी छापला त्याच लोकांनी तेलुगूतले दोन लई भारी जुने पिक्चर बनवले हे सांगितलं की समोरचा म्हणतो, काय सांगता! आणि ते पिक्चर बघितलेला माणूस तर शोधूनच काढावा लागतो, तेलंगणाची हद्द इतकी जवळ असून. हे मला लई दिवसांपासून खटकतंय म्हणून आज सविस्तर लिहितोय, पोस्ट लांब आहे, पण वाचा.

विषय निघाला जोकरवरनं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, बॅटमॅन-जोकर म्हणजे त्याचा जीव की प्राण, डायलॉग पाठ. त्याला म्हटलं अरे हा जोकर आला कुठनं माहितीय का, १९२८ ला हॉलिवूडमध्ये ‘द मॅन हू लाफ्स’ नावाचा पिक्चर निघाला, दिग्दर्शक पॉल लेनी, मूळ कादंबरी व्हिक्टर ह्यूगोची, आणि त्यात कॉनराड फाइट नावाचा जर्मन नट, त्याच्या पात्राचं तोंड लहानपणीच कापून कायमचं हसरं करून टाकलेलं असतं. आतून माणूस रडतोय, तोंड हसतंय, आणि लोक ते बघायला जत्रेत गर्दी करतात. पुढं १९४० मध्ये बॅटमॅनच्या स्वतंत्र कॉमिकचा पहिला अंक आला त्यात जोकर आला. तो नेमका कुणी शोधला यावर बॅटमॅनचे चित्रकार बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांचं शेवटपर्यंत जमलं नाही, पण लेखक बिल फिंगरनं फाइटचा फोटो आणून दाखवला होता हे दोघंही सांगतात.

भाच्यानं तो पिक्चर यूट्यूबवर लावला. मुका, ब्लॅक अँड व्हाइट, मधे मधे वाचायच्या पाट्या, तरी पोरानं पूर्ण बघितला आणि रात्री मला मेसेज, “मामा, हा तर व्हिलन नाहीच.” बरोबर ओळखलं त्यानं. ग्विनप्लेन, म्हणजे ते हसऱ्या तोंडाचं पात्र, हा बिचारा प्रेमळ माणूस आहे, कॉमिकवाल्यांनी त्याचा चेहरा तेवढा उचलला आणि मन तिथंच सोडून दिलं. माझं तर स्पष्ट मत आहे की मूळ पिक्चर जोकरपेक्षा जास्त आत घुसतो.

तेव्हापासून माझं पक्कं झालंय की जुने पिक्चर बघा, आपला वारसा आहे, असं सांगून आजचं पोरगं काही बघत नाही, पण त्याला आधीच जे आवडतंय त्याचं मूळ कुठंय ते दाखवलं की ते स्वतः शोधत जातं. आणि कॉमिकसारखा धागा दुसरा नाही.

आता आपल्याकडं या. १९३५ ला मुंबईत वाडिया मूव्हीटोननं ‘हंटरवाली’ काढला, दिग्दर्शक होमी वाडिया. कपटी प्रधान राजाला कैद करतो, आणि राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा लावून, हातात चाबूक घेऊन, घोड्यावर बसून गरिबांच्या बाजूनं उभी राहते. काम केलंय नादियानं, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, मूळ नाव मेरी इव्हान्स, स्टंट सगळे स्वतः करायची. आता तारखा बघा. इंद्रजाल कॉमिक्समुळं आपल्या घराघरात आलेला वेताळ (विक्रमाचा नव्हे, जंगलातला, मुखवटेवाला, इंग्रजीतला फँटम) अमेरिकेत पहिल्यांदा छापला गेला फेब्रुवारी १९३६ ला. सुपरमॅन १९३८ चा. बॅटमॅन १९३९ चा. म्हणजे हे सगळे यायच्या आधी मुंबईच्या पडद्यावर मुखवटा घातलेली एक बाई गुंडांना चाबकानं फोडून काढत होती. तिच्यावरनं बॅटमॅन सुचला असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. दोघांच्या मागं उभा आहे हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्सचा १९२० चा झोरो या मुखवटेवाल्या तलवारबाजाचा पिक्चर, वाडिया बंधू फेअरबँक्सचे भक्त होते आणि बॉब केननंही झोरोचं ऋण मानलेलं आहे. म्हणजे हंटरवाली आणि बॅटमॅन ही एकाच आजोबाची नातवंडं, आणि त्यात आपली नात वयानं मोठी! हे आपल्या पोरांना शाळेत कुणी का सांगत नाही मला कळत नाही.

बरं, आता मूळ मुद्दा, चांदोबा.

जुलै १९४७ मध्ये मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी तेलुगू आणि तमिळमध्ये चंदामामा सुरू केलं. १९५२ ला ते मराठीत आलं, तो आपला चांदोबा. अंकावर पत्ता असायचा वडपळणी, मद्रास. आणि त्याच वडपळणीत वाहिनी स्टुडिओ, जिथं या दोघांची विजया प्रॉडक्शन्स पिक्चर बनवायची. १९५१ ला ‘पाताळ भैरवी’, १९५७ ला ‘मायाबाजार’. दोन्हींचे दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, कॅमेरा मार्कस बार्टलीचा, दोन्हींत एन. टी. रामाराव आणि एस. व्ही. रंगाराव. (दिलीपकुमारचा १९६७ चा ‘राम और श्याम’ आपल्या सगळ्यांच्या घरच्यांनी बघितलाय, तोही याच नागी रेड्डींचा. पुढं त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.)

‘पाताळ भैरवी’ मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्ध्यातच उठून बसलो. गोष्ट अशी की माळ्याचा पोरगा राजकन्येवर प्रेम करतो, राजा म्हणतो आधी माझ्या तोलामोलाचा होऊन ये, आणि एक नेपाळी मांत्रिक त्याला श्रीमंत करतो म्हणून गुहेत घेऊन जातो, मनात डाव असा की या शूर पोराचा देवीपुढं बळी द्यायचा आणि मागेल ते देणारी मूर्ती आपण घ्यायची. पोराला डाव कळतो आणि तो मांत्रिकाचाच बळी देतो. आता वेतालपंचविशी आठवा. तिथं पण शेवटी योगी राजाचा बळी द्यायला टपलेला असतो आणि राजा योग्याचंच मुंडकं उडवतो! पिक्चर काढला काशीमजिली कथा या तेलुगू गोष्टी आणि अल्लाउद्दीनवरनं हे खरं, पण स्मशान, गुहा, साधक, कवट्या, दाढीवाला मांत्रिक, ती सगळी हवा चांदोबाच्या पानांतली आहे. रंगारावांचा मांत्रिक बघताना मला सारखं वाटत होतं की हे चित्र मी आधी बघितलंय. शंकर नावाच्या चित्रकारानं, के. सी. शिवशंकरन त्यांचं पूर्ण नाव, विक्रम-वेताळाचं ते प्रसिद्ध चित्र काढलं, एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आजूबाजूला साप. ते २०२० ला वारले, नंतर पद्मश्री मिळाला. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवा आणि मग बार्टलीच्या कॅमेऱ्यानं उजेड-अंधार कसा पाडलाय ते बघा, मी म्हणतोय ते पटेल.

आणि ‘मायाबाजार’! महाभारतातल्या लोकांची गोष्ट, पण अख्ख्या पिक्चरमध्ये पांडव एकदाही दिसत नाहीत. अभिमन्यू आणि बलरामाची पोरगी शशिरेखा यांचं लग्न मोडतं आणि घटोत्कच मायेनं सगळा घोळ घालून ते परत जुळवतो. घटोत्कच शशिरेखाचं रूप घेतो तेव्हा सावित्री या नटीनं जे काम केलंय, बाई दिसते पण चालणं-गुरकावणं राक्षसाचं, ते बघून आमच्या घरातली लहान पोरं तेलुगूचा एक शब्द न कळता पोट धरून हसली. लाडू आपोआप उडून घटोत्कचाच्या तोंडात जातात. एक पेटी आहे, उघडली की ज्याला जे प्रिय ते तिच्यात दिसतं, शशिरेखाला अभिमन्यू दिसतो. द्वारका नगरी दिसते ती छोटी छोटी घरं करून उभी केलेली. कॉम्प्युटर नाही, काही नाही, १९५७ साल. चौकटी-चौकटींनी गोष्ट पुढं सरकते, प्रत्येक चौकटीत बघायला काहीतरी आहे आणि पुढच्या चौकटीत त्याचा पत्ता लागतो, कॉमिक वाचणाऱ्याला यापेक्षा वेगळं काय पाहिजे.

शिवाय ही गोष्ट काही फक्त तिकडची नाही. आपल्याकडं हीच सुरेखा हरण म्हणून नाटकांत-लोककथांत होती, आणि बाबूराव पेंटरांनी १९२१ ला कोल्हापुरात ‘सुरेखा हरण’ मूकपट काढला तेव्हा त्यात एक नवा पोरगा पडद्यावर आला, व्ही. शांताराम. तो मूकपट आपल्याला आज बघायला मिळत नाही, आणि आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट बनले त्यातले बहुतेक असेच गेले. पहिला बोलपट ‘आलम आरा’, तो पण गेला. मग जे शिल्लक आहे, यूट्यूबवर फुकट आहे, ते तरी बघायचं का नाही?

कुणी म्हणेल चांदोबा म्हणजे कॉमिक नव्हे, संवादाचे फुगे नाहीत, चौकटी नाहीत. मान्य. पण चित्र आणि गोष्ट एकमेकांशिवाय अर्धी राहतात, हे आमच्या पिढीला शिकवलं ते चांदोबानंच, आणि मला तर वाटतं आमच्या बघण्याला वळण तिथंच लागलं.

भाषेची अडचण हे कारण तर आमच्या भागात चालूच नये. धर्माबादला, देगलूरला बाजारात अर्धा व्यवहार तेलुगूत होतो, आमचे थोरले काका पिक्चर बघायला बोधनला, निजामाबादला जायचे, हा अख्खा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानाचा-राज्याचा होता. आपल्याला तमिळ-तेलुगूतले आजचे मारधाडीचे डब केलेले पिक्चर टीव्हीवर दिवसभर चालतात, मग त्यांच्या आजोबांच्या वेळचे का चालू नयेत. फक्त मराठी सबटायटल पाहिजेत, आणि ते पुण्या-मुंबईचं कुणी येऊन करणार नाही, दोन्ही भाषा येणारी माणसं आपल्याकडंच बसलेली आहेत.

म्हणून दोन कामं सांगतो. एक, १९५०-६० च्या दशकातले चांदोबाचे मराठी अंक कुणाच्या वाड्यात ट्रंकेत असतील तर रद्दीत घालू नका, मला मेसेज करा, मी येऊन मोबाईलवर पानांचे फोटो काढतो, अंक तुमच्याकडंच राहील. दुसरं, धर्माबादच्या एका मित्राबरोबर मी ‘पाताळ भैरवी’चे मराठी सबटायटल करायला घेतलेत, संवाद बरेचसे होत आलेत, गाण्यांवर गाडी अडलीय. तेलुगू समजणारं आणि कविता कळणारं कुणी असेल, आजीआजोबा असले तर फारच चांगलं, इनबॉक्सात या.